शिकारी पक्ष्यांच्या उपचार केंद्रातला हिवाळा

जखमी शिकारी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राचा खरा हंगाम कोणता, असे विचारले तर बहुतेक जण उन्हाळा असे उत्तर देतात, कारण एप्रिल-मे महिन्यांत उष्म्याने कोसळलेल्या घारींच्या बातम्या सगळ्यांच्या वाचनात आलेल्या असतात. सोलापुरात मात्र नोव्हेंबर ते मार्च हा काळ अधिक कसोटीचा असतो. उन्हाने भोवळ येऊन पडलेल्या पक्ष्याला बहुधा सावली, द्रव आणि थोडी विश्रांती पुरते. हिवाळ्यात येणारा पक्षी मात्र कापलेला, मोडलेला किंवा विषबाधा झालेला असतो. त्यातही काही पक्षी परदेशातून आलेले पाहुणे असतात आणि मार्च संपण्यापूर्वी ते उडण्याजोगे झाले नाहीत तर त्यांचे पुढचे कित्येक महिने बंदिस्त जागेत जातात.

शहरालगतच्या अशा एका लहान केंद्रात मी गेल्या काही हिवाळ्यांपासून सकाळचे काम करते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार असे पक्षी कोणालाही स्वतःकडे ठेवता येत नाहीत, त्यामुळे केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची नोंद वनविभागाकडे होते आणि तो बरा होऊन निसर्गात परत जावा, एवढाच केंद्राचा हेतू असतो. इथे तिकीट नाही, पक्ष्यांचे खेळ नाहीत, पाहुण्यांना पिंजऱ्यांपर्यंत प्रवेशही नाही. म्हणूनच आत काय चालते हे सविस्तर लिहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

पहाटे पारा कधी 12-13 अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा 30 च्या घरात जातो. धडधाकट पक्ष्याला या फरकाचे काही वाटत नाही. अशक्त पक्षी मात्र रात्रीच्या थंडीत शरीर उबदार ठेवण्यातच आपली उरलीसुरली शक्ती खर्च करतो, म्हणून सकाळची पहिली फेरी उपचार कक्षातल्या अशक्त पक्ष्यांकडे असते. रात्री ज्यांच्याजवळ दिवा लावून ठेवलेला असतो, त्यांच्या खोक्यांतले तापमान आधी पाहिले जाते. उपाशी आणि गारठलेल्या पक्ष्याला लगेच खायला घालणे हा जिवावर बेतणारा उपाय आहे, कारण थंड पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही आणि पोटात तसेच कुजते. आधी ऊब, मग नळीने द्रव आणि त्यानंतर हाड, कातडी किंवा पिसे नसलेल्या मांसाचे अगदी लहान तुकडे, हा क्रम मोडला जात नाही. आणणाऱ्या माणसाला अनेकदा हे निष्ठुरपणाचे वाटते. पक्षी भुकेला असताना आम्ही त्याला मांस का देत नाही, हे त्याला समजावून सांगण्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा.

त्यानंतर पक्ष्यांच्या खाली अंथरलेले वर्तमानपत्र बदलायचे असते. नव्याने आलेल्या स्वयंसेवकांना हे सर्वांत कंटाळवाणे काम वाटते. माझ्या मते केंद्रातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण याच कामात होते. निरोगी शिकारी पक्ष्याची विष्ठा पांढरी असून तिच्या मधोमध गडद भाग असतो. हाच भाग हिरवागार झाला असेल तर पक्ष्याचे पोट रिकामे आहे किंवा आजार सुरू झाला आहे, असा संशय घ्यावा लागतो. घुबडांच्या बाबतीत आणखी एक खूण मिळते. उंदराचे केस आणि हाडे पचत नसल्यामुळे घुबड त्यांची घट्ट गोळी करून ती तोंडावाटे बाहेर टाकते. गव्हाणी घुबडाची ताजी गोळी काळपट आणि चकचकीत असते, वाळली की राखाडी होते, आणि कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने अलगद उलगडली की मऊ केसांच्या लगद्यातून उंदराची अखंड कवटी, नारिंगी रंगाचे पुढचे दात आणि टाचणीएवढ्या बरगड्या एकामागून एक बाहेर येतात. आधीच्या जेवणाची गोळी बाहेर पडल्याशिवाय पुढचे जेवण दिले जात नाही. गोळी वेळेवर आली नाही, तर त्या सकाळी डॉक्टरांना करायच्या फोनमध्ये पहिला विषय तोच असतो.

मग वजने होतात. शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याचा नर जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा असतो, त्यामुळे दहा ग्रॅमची घटसुद्धा दुर्लक्ष करण्याजोगी नसते. वजनाबरोबर छातीचे मधले हाड बोटाने चाचपले जाते. ते धारदार लागले तर दोन्ही बाजूंचे उडण्याचे स्नायू झिजले आहेत, असे समजावे. पक्षी पकडण्यासाठी आम्ही सोलापुरी चादर वापरतो. आमच्या शहराचे टॉवेल चादरींइतकेच प्रसिद्ध आहेत आणि लोक प्रेमाने जुने टॉवेल आणूनही देतात, परंतु टॉवेलच्या पृष्ठभागावरच्या धाग्यांच्या फासांत पक्ष्याची नखे अडकतात आणि तो घाबरून पाय ओढू लागला की बोट दुखावते. चादरीची वीण सपाट आणि घट्ट असते, तिच्याखाली लगेच अंधार होतो, आणि अंधार झाला की शिकारी पक्षी शांत होतो. टॉवेल आम्ही फरशी पुसायला ठेवतो.

शेतकरी मंडळी थंडी पाहून आपुलकीने कडब्याची पेंढी आणून देतात, म्हणजे पक्ष्यांना खाली ऊब मिळेल. ती मात्र हात जोडून परत करावी लागते. जुन्या कडब्यात बुरशी असते, तिचे बीजाणू पक्ष्याच्या वायुकोशांत, म्हणजे श्वसनाच्या हवेच्या पिशव्यांत शिरतात आणि तिथे वाढणारा अ‍ॅस्परजिलोसिस हा आजार लक्षात येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. घाबरलेल्या, ताणाखाली असलेल्या पक्ष्याला तो चटकन जडतो. याच कारणाने पिंजऱ्यात कोरडी, सहज धुता येणारी जमीन आणि बसायला काथ्या गुंडाळलेली लाकडे एवढेच असते. लाकडे मुद्दाम वेगवेगळ्या जाडीची ठेवली जातात, कारण एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर दिवसेंदिवस बसलेल्या पक्ष्याच्या तळव्याला एकाच जागी दाब पडून जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. पंख बरा झाला आणि पाय गेला, असे झाले तर त्या उपचाराला अर्थ उरत नाही. शिकारी पक्षी पायांनी शिकार करतो.

अन्नाचा प्रश्न हिवाळ्यात अधिक काटेकोर होतो. लहान शिकारी पक्ष्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के अन्न लागते, घारीसारख्या मोठ्या पक्ष्याला प्रमाणाने कमी. नुसते बिनहाडाचे मांस कितीही दिले तरी त्यात पुरेसे कॅल्शियम नसते आणि वाढत्या वयाच्या पिल्लाची हाडे वाकतात, म्हणून उंदीर किंवा कोंबडीची पिल्ले हाडांसकट द्यावी लागतात. परंतु थंडीचे दिवस बर्ड फ्लूच्या धास्तीचेही असतात. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये या रोगाचे निदान झाले तेव्हा राज्यभर काळजीचे वातावरण होते. डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला आणि तपासणीत एच-5-एन-1 हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, तेव्हापासून मांसभक्षी प्राण्यांना कोंबडी देणारे प्रत्येक केंद्र अधिक सावध झाले आहे. आम्ही त्या बातमीनंतर उंदरांवर भर दिला, दारात जंतुनाशकाचे पायपुसणे ठेवले आणि नव्या पक्ष्याला काही काळ इतरांपासून पूर्ण वेगळे ठेवण्याचा नियम आणखी कडक केला. खर्च वाढला. ज्या केंद्राकडे मृत किंवा आजारी पक्षी कधीही येऊ शकतो, त्याला ही काळजी टाळता येत नाही.

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेने सारे शहर गजबजते. तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम आणि शोभेचे दारूकाम या दिवसांवर प्रत्येक सोलापूरकराचा जीव असतो, माझाही आहे. दारूकामाच्या रात्री आम्ही पिंजऱ्यांच्या बाजूंना गोणपाट आणि जाड चादरी लावतो, कारण आवाजाने दचकलेला पक्षी अंधारात जाळीवर आदळतो. त्याहून मोठे संकट मांज्याचे असते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरीही तो झाडांवर आणि तारांवर सापडतोच. हा धागा कुजत नाही. पतंगांचे दिवस सरल्यावर कितीतरी महिने तो कडुलिंबाच्या शेंड्यांत लोंबत राहतो आणि फांदीवर उतरणारी घार त्यात अडकते.

गेल्या जानेवारीत पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार खोक्यात घार घेऊन आले. तिच्या पंखाला मांज्याचे तीन वेढे होते आणि त्यांनी ते ओढून न काढता दोन्ही बाजूंनी धागा कापून तिला तशीच आणली होती. खोके खाली ठेवत ते म्हणाले, "ओ ताई, मांजा ओढला नाही बघा, तसंच ठेवून आणलंय. पाणीबी पाजलं नाही. बरोबर केलं न्हवं?" मी त्यांना म्हटले, "दादा, अगदी बरोबर केलंत. तुमच्यामुळेच हिचा पंख वाचण्याची आशा आहे." हे मी त्यांच्या समाधानासाठी म्हटले नव्हते. पक्ष्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो आणि उडताना पंखाला आकार देण्याचे काम त्याच्यावर अवलंबून असते. मांजा नेमका याच पडद्याला चिरतो. ओढताना चीर वाढते; उघडी राहिली तर कडा वाळून आक्रसतात, आणि मग टाके घातले तरी पंख पूर्ण उघडत नाही. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत गेल्यामुळे दगावणारे पक्षी मी पाहिले आहेत, म्हणून पाणी न पाजण्याचे महत्त्वही तितकेच आहे. असा पक्षी सापडला तर त्याला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. तारेच्या पिंजऱ्यात तो कधीही ठेवू नये, कारण त्यात त्याची पिसे मोडतात.

त्या घारीच्या जखमेच्या कडा डॉक्टरांनी ओलसर ठेवून त्याच दिवशी शिवल्या आणि वेदनेसाठी मेलोक्सिकॅम दिले. आमच्या औषधांच्या कपाटात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक ठेवलेच जात नाही. जनावरांना दिलेल्या याच औषधामुळे, त्यांचे मृतदेह खाणारी भारतातली गिधाडे जवळजवळ संपली आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, ही गोष्ट शिकारी पक्ष्यांजवळ काम करणारा कोणीही विसरू शकत नाही. पंख बांधून ठेवणे सोपे असते. तो योग्य वेळी सोडणे अवघड. पट्टी जास्त दिवस राहिली तर सांधा आखडतो, म्हणून ठरावीक अंतराने पक्ष्याला भूल देऊन पंख हळूहळू ताणावा लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस ती घार लांब पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न धापता फेऱ्या मारू लागली. घारीला आम्ही सकाळी दहाच्या सुमारास सोडतो, कारण तोवर जमीन तापून हवा वर चढू लागलेली असते आणि फार पंख न मारता तिला उंची गाठता येते.

घुबडांचे दुःख वेगळे आहे. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, धान्याच्या गोदामांत उंदीर वाढतात आणि उंदरांवर विष टाकले जाते. आताच्या अनेक विषांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची क्रिया बंद पडत जाते आणि दोन-चार दिवस तो सुस्तपणे उघड्यावर फिरतो. असा उंदीर गव्हाणी घुबडाला सहज मिळतो. केंद्रात आलेल्या अशा घुबडाच्या अंगावर कुठे जखम दिसत नाही, तोंडाच्या आतली त्वचा मात्र पांढरी पडलेली असते आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. जीवनसत्त्व के-1 वेळेत दिले तर काही वाचतात. एक गव्हाणी घुबडाची जोडी आपल्या पिल्लांसाठी रात्रभर उंदीर आणत असते, आणि कीड टिपणारे पक्षी बसावेत म्हणून शेतकऱ्याला हरभऱ्यात पक्षीथांबे उभारायला सांगणाऱ्या आपल्या व्यवस्थेनेच गोदामात विष ठेवावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुन्या गिरण्यांच्या आवारांत आणि वाड्यांच्या माळवदांवर घरटी असल्यामुळे पिल्लेही येतात. गव्हाणी घुबडाची मादी पहिले अंडे घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे एकाच घरट्यात कापसाच्या बोळ्यासारखे लहान पिल्लू आणि पिसे फुटलेले थोरले भावंड एकत्र असतात. साफसफाईत ती खाली काढली जातात आणि त्यांचा फूत्कार ऐकून लोक सापाच्या धास्तीने दूर होतात. पिल्लू धडधाकट असेल तर त्याला केंद्रात न वाढवता त्याच जागी लाकडी खोक्यात परत ठेवणे सर्वांत चांगले; आई-बाप रात्री येतात आणि भरवतात. परत ठेवणे शक्यच नसेल तर तोंड कापडाने झाकून, आवाज न करता, चिमट्याने भरवले जाते, म्हणजे अन्न आणि माणूस यांची सांगड पिल्लाच्या मनात बसत नाही. माणसाला आई समजणारे घुबड पुढे ना शिकार करू शकते, ना जोडीदार शोधू शकते. पिल्लाबरोबर फोटो काढू न दिल्यामुळे आमच्यावर रागावून गेलेली माणसे आहेत. तो राग मला मान्य आहे.

डाळिंब आणि द्राक्षांच्या बागांवर घातलेल्या जाळ्यांतूनही शिक्रे आणि पिंगळे येतात. छोट्या पक्ष्यांच्या मागे झेपावताना ते गुरफटतात. जाळी ताणून बसवली आणि दिवसातून एक फेरी मारली तर यातले बहुतेक पक्षी बागेतच सुटू शकतील.

हिवाळ्यातला सर्वांत कठीण पाहुणा म्हणजे हॅरियर, ज्याला आपण भोवत्या म्हणतो. मोंटेग्यूचे आणि पॅलिड हॅरियर दर हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांतून, भारतात येणारे मोंटेग्यूचे हॅरियर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करतात, हे स्पष्ट झाले आहे. दिवसभर ते गवतावरून अगदी खालून उडत टोळ, सरडे आणि छोटे पक्षी टिपतात आणि संध्याकाळी अनेक पक्षी एकत्र येऊन गवतात जमिनीवरच झोपतात. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी घोषित झालेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्याच्या परिसरात किंवा बोरामणी, गंगेवाडीच्या माळावर हिवाळ्यातल्या संध्याकाळी ते पाहायला मिळतात. माळढोक आता फार क्वचित दिसतो. त्याच्यासाठी राखलेले गवत हॅरियरांना अजून आसरा देते. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला मोकाट कुत्री आणि गवताला लावलेल्या आगी यांपासून पळायला फार वेळ मिळत नाही.

हॅरियर बंदिस्त जागा सहन करत नाही. घार चार दिवसांत परिस्थिती ओळखते, शिक्राही काही वेळाने खाऊ लागतो; हॅरियर मात्र माणसाची चाहूल लागली की भिंतीवर झेप घेतो आणि जखम बरी होत असतानाच पिसे मोडून घेतो. त्याच्या पिंजऱ्याला चहूबाजूंनी हिरवी शेडनेट आणि आत उभ्या बांबूच्या पट्ट्या असतात, बसायला उंच दांडी नसून जमिनीवर गवताचे उंचवटे केलेले असतात. अन्न भिंतीतल्या झडपेतून आत सरकवले जाते. त्याच्या पिंजऱ्याजवळ आम्ही बोलत नाही.

मोडलेले उड्डाणपीस आपोआप वाढत नाही, पुढच्या पिसे झडण्याच्या हंगामापर्यंत त्याचे खुंट तसेच राहते. म्हणून पीस जोडण्याची जुनी कला इथे उपयोगी पडते. केंद्रात गळून पडलेल्या आणि दगावलेल्या पक्ष्यांच्या पिसांचा संग्रह वनविभागाच्या परवानगीने जतन केला जातो. प्रत्येक पाकिटावर पक्ष्याची जात, नर की मादी, डावा की उजवा पंख आणि पिसाचा क्रमांक लिहिलेला असतो. भूल दिलेल्या पक्ष्याचे मोडके पीस दांड्याच्या पोकळ भागात कापतात, बांबूची तासून घेतलेली सळई त्यात बसवतात, तिच्या दुसऱ्या टोकावर त्याच क्रमांकाचे अखंड पीस चढवतात आणि डिंकाचा थेंब शेजारच्या पिसांना लागू नये म्हणून मध्ये कागद धरतात. सळई अर्ध्या मिलिमीटरने जाड झाली तर दांडा उभा चिरतो. पीस किंचित फिरून बसले तर पंखाची कडा वाऱ्यात फडफडते. आमचे एक ज्येष्ठ सहकारी हे काम करतात. आयुष्यभर मागावर तुटलेले सूत जोडलेल्या त्यांच्या हातांना घाई माहीत नाही, आणि ते काम करत असताना मी कागद धरते.

या फेब्रुवारीत मोंटेग्यूच्या एका नराला त्यांनी अशी चार पिसे जोडली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वनरक्षकांच्या उपस्थितीत त्याला माळावर सोडले, कारण तिथे अजून इतर हॅरियर मुक्कामाला होते आणि परतीच्या प्रवासापूर्वी त्याला स्वतः शिकार करून अंगावर चरबी साठवायला काही दिवस मिळणे आवश्यक होते.

त्याच्याबरोबरच उपचार घेत असलेल्या पॅलिड हॅरियरच्या मादीला मात्र आम्ही सोडू शकलो नाही. तिची दोन पिसे मुळाजवळ इतकी चिरडली आहेत की सळई बसवायला दांडाच उरलेला नाही. सुदैवाने कातडीतली पिसांची मुळे शाबूत आहेत, असे डॉक्टरांचे मत आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पिसे झडून नवी येण्याची वाट पाहायची आणि ऑक्टोबरात तिच्या जातीचे पक्षी परत आले की तिला त्यांच्यात सोडायचे, असे ठरले आहे. मध्य आशियातल्या तुलनेने सौम्य उन्हाळ्याची सवय असलेल्या पक्ष्याला सोलापूरचे 40 अंशांपलीकडचे ऊन काढायचे आहे. तिच्या पिंजऱ्यावर शेडनेटचा दुसरा थर चढवून झाला आहे, पश्चिमेच्या भिंतीला वाळ्याचे पडदे लावायचे आहेत आणि नवी पिसे वाढत असताना तिचे वजन घसरू नये म्हणून एप्रिलपासून तिचे अन्न वाढवायचे आहे. वाढत्या पिसात रक्त असते आणि ते मोडले तर पुन्हा सारे लांबते, म्हणून त्या पिंजऱ्याच्या बाजूचा रस्ता आम्ही आतापासूनच सर्वांसाठी बंद केला आहे.